मॉस्यू रियाँच्या हातचं जेवण

चारुदत्तने वाढलेलं ताट आप्पांनी दुसऱ्या दिवशीही मागे सारलं. "आधी तुम्ही खा," ते म्हणाले. स्वतःच्या मुलाला ते आता अहोजाहो करत.

पुण्यात आप्पा कॉलेजात फ्रेंच शिकवत आणि मासिकांसाठी जुन्या फ्रेंच रहस्यकथांची मराठी रूपांतरं करत. त्यांतला अट्टल गुन्हेगार म्हणजे मॉस्यू रियाँ. फ्रेंचमध्ये रियाँ म्हणजे 'काहीच नाही'. त्याला स्वतःचा चेहराच नव्हता. ज्याला नाहीसं करायचं त्याचा चेहरा तो चढवी आणि त्याच्याच घरात जेवायला बसे. त्याच्या मागावरचा इन्स्पेक्टर मोरेल दर वेळी एक पाऊल मागे राही. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला मुलाकडे राहायला आल्यावर, पहिल्याच हिवाळ्यात, आप्पांच्या मनाने घेतलं की या खेपेला रियाँने चेहरा चढवलाय तो चारूचा.

"मेंदूचा आजार आहे हा," डॉक्टर असलेल्या चारुदत्तने बायकोला, उत्तराला, समजावलं होतं. "डोळे ओळखतात, पण आपलेपणा जागा होत नाही." समजावणं सोपं होतं. पण आप्पा जिन्यावरून टक लावून पाहू लागले की तो आरशासमोर नको तितका वेळ उभा राही.

"फोनवर मात्र ओळखतात रे तुला," उत्तरा म्हणाली. "परवा तू हॉस्पिटलमधून केलास, तर नुसतं चारू, चारू! आज जेवले नाहीत तर उद्या ॲडमिट करावं लागेल. तिथे परके हात लागले तर धसक्यानेच जातील. खाली जाऊन फोन कर."

तळघरात हॉस्पिटलच्या कॉल्ससाठी वेगळी लाइन होती. त्याने घरचाच नंबर फिरवला. डोक्यावरच्या खोलीत घंटा वाजली. पावलं सरकली.

"आप्पा, मी चारू."

"चारू!" तोच जुना, मऊ आवाज. मग कुजबुज. "कुठे आहेस? घरी येऊ नकोस. तो इथेच आहे. आत्ताच तळघरात उतरलाय."

चारुदत्तने नकळत मागे वळून पाहिलं. हीटर घुमत होता. कोणी नव्हतं.

"आप्पा, जेवून घ्या ना."

"त्याच्या हातचं?"

"माझ्यासाठी."

"बरोबर आहे. मोरेल पाठलागच करत बसला, तिथे चुकला. मी त्याला जेवणात गुंतवतो. तू तेवढ्यात लांब निघून जा."

तो वर आला तेव्हा आप्पा टेबलाशी ताठ बसले होते. "या, बसा," ते हसून म्हणाले. असं हसताना त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्याने वरणभात कालवला. आप्पांनी पहिला घास डोळे मिटून गिळला, विषाचा असावा तसा.

"छान आहे हो. चारूही असंच भरपूर लिंबू पिळायचा." आणि एकाएकी त्यांनी त्याचं मनगट धरलं. "मी सगळं खातो, बघा. चेहरा हवा होता, तो घेतलात. मुलाला तेवढं सोडा. फार साधा आहे हो तो."

"अहो आप्पा, हाच तर—" उत्तरा सांगू लागली. चारुदत्तने तिला हाताने थांबवलं.

"सोडलं त्याला," तो म्हणाला.

आप्पांनी मनगट सोडलं आणि पुढचा घास घेतला.