शेपटीची की बांडी

“आधी जागा कर, मग वस्तू घरात आण. उलटं केलंस तर वस्तू घरात राहते नि माणूस दारात येतो.”

अक्काताईंच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या अव्वा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण घरात काही नवीन यायचं ठरलं की हा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हटकून येऊन उभा राही. फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा अक्काताईंनी कोपरा मोकळा करून तिथं फ्रीजच्या मापाचा पुठ्ठा अंथरला होता, आणि सगळं घर त्या न आलेल्या फ्रीजला वळसा घालून जेवायला बसत होतं. त्यांचे मालक बसलिंगाप्पा तर एकदा अंधारात त्याला “सरक की जरा” असंही म्हणाले होते.

यंदा दसऱ्याला गाडी यायची होती.

बसलिंगाप्पांचं लक्ष्मीपुरीत भुसारीचं दुकान. सगळा जन्म त्यांनी मोपेडवर काढला, आणि मोपेडच्या मागं कधी तेलाचा डबा, कधी तांदळाचं पोतं, कधी दोन्ही. आता दुकानाचा जोर मुलानं, शशिधरनं, उचलला होता आणि मोपेडनं मान टाकली होती. शोरूममधल्या टाय लावलेल्या मुलानं दोन गाड्या दाखवल्या. एक हॅचबॅक, म्हणजे सामानाची डिकी आणि बसायची जागा एकाच छताखाली. दुसरी सेडान, म्हणजे डिकी वेगळी, मागं लांब काढलेली. तो बराच वेळ इंग्रजी शब्द पेरत राहिला. बसलिंगाप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी एक बांडी आणि एक शेपटीची,” ते म्हणाले. “सरळ सांगा की पावणं. आमास्नी शेपटीची.”

“अप्पा, गल्ली केवढी आपली,” शशिधर म्हणाला. “बांडीच बरी. चटकन वळते.”

“वळायला काय बकरं हाय व्हय? आरं, आयुष्यभर माझ्या मागं पोतं हुतं. आता मागं असं काय तरी पायजे की त्यात काय बी न्हाय. नुसती शोभा.”

बाप-लेकांचं हे रोज जेवताना चालायचं. सून सुष्मिता ज्याच्या ताटात भाकरी वाढायची त्याच्या बाजूनं बोलायची, आणि मग दुसऱ्याच्या. अक्काताईंना कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायचं हा त्यांचा स्वभाव नव्हे.

सांगण्यासारखं मात्र होतं. घराच्या पुढं अंगण म्हणून नव्हतंच. दार उघडलं की पायरी, पायरी उतरली की गल्ली. दाराच्या डाव्या अंगाला विजेचा खांब, उजवीकडं घराची भिंत, आणि भिंत संपली की शेजारच्या बायडाबाईंची पायरी. गाडी उभी राहणार ती या भिंतीला लागून, दुसरीकडं जागाच नव्हती. आणि दारासमोरच्या तेवढ्या तुकड्यावर अक्काताई लग्न होऊन आल्यापासून रोज पहाटे पाणी शिंपडून रांगोळी काढत होत्या. रांगोळी, मग इष्टलिंगाची पूजा, मग चहाचा पहिला घोट. पाऊस असो, ताप असो, या क्रमाला त्यांनी कधी धक्का लावला नव्हता. तो तुकडा गाडीखाली गेला तर हा नेम कुठं मांडायचा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तोंडानं तो त्यांनी कुणाला विचारला नाही. त्यांनी शशिधरकडून दोन्ही गाड्यांची लांबी-रुंदी तेवढी मागून घेतली.

“कशाला गं आई?”

“असंच. बघून ठेवते.”

नवरात्र तोंडावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका रविवारी पहाटे अक्काताईंनी गल्ली झाडली, पाणी शिंपडलं आणि सुतळीला दोन गाठी मारून बसल्या. पहिल्या गाठीपर्यंत बांडी, पांढऱ्या रांगोळीनं. दुसऱ्या गाठीपर्यंत शेपटीची, लाल रंगानं. दोन्ही एकात एक काढायच्या, डोळे भरून बघायच्या, पुसायच्या, आणि मग आपली रोजची रांगोळी. कुणी उठायच्या आत उरकेल असा त्यांचा हिशेब होता. पण चिमटीतून रांगोळी सोडायची सवय अशी की हात गाडीवर थांबेना. चाकं काढली. चाकांत आठ पाकळ्यांची कमळं काढली. चालकाच्या जागी स्वस्तिक आलं, बॉनेटवर गोपद्मं आली. तोवर चांगलं उजाडलं आणि सुष्मिता कचरा टाकायला बाहेर आली.

“अप्पा, उठा,” ती आत तोंड करून म्हणाली. “गाडी आली.”

बसलिंगाप्पा आठाच्या आत उठणारे गृहस्थ नव्हते. त्या दिवशी मात्र ते लुंगी सावरत पायरीवर आले, लाल गाडीकडं बघत राहिले, आत गेले आणि पाट घेऊन बाहेर आले. स्वस्तिकाच्या शेजारी तो पाट मांडून ते आपल्या गाडीत बसले.

“शशी, ये. डाव्या अंगाला बस. दार लाव.”

शशिधरनं नसलेलं दार लावलं. सुष्मिता मागं बसली. शशिधर पांढऱ्या रेषेकडं बोट दाखवून बांडीचं गुणगान करू लागला आणि बसलिंगाप्पा लाल रेषेत पाय पसरून दाखवू लागले. इतक्यात शेजारच्या पायरीवर बायडाबाई मिसरी लावत येऊन उभ्या राहिल्या.

“बसलिंगाप्पा, सकाळ सकाळी रस्त्यात का बसलाईस? घरातनं काढलं काय?”

“गाडी हाय ही.”

“व्हय? मग चालू कर की.”

“दसऱ्याला चालू हुईल.”

बायडाबाई खाली वाकल्या. “आणि ही माझ्या पायरीवर कुणाची शेपटी आलीया?”

खरंच लाल गाडीचं मागचं टोक बायडाबाईंच्या पायरीवर चांगलं हात-दीड हात चढलं होतं.

“थोडीशी हाय, मावशी,” शशिधर म्हणाला.

“थोडीशी म्हंजी? तोंड तुमच्या दारात आणि बूड माझ्या दारात? उद्या धूर सोडशील तो कुणाच्या भाकरीवर? चालणार न्हाय. गाडी म्होरं घ्या.”

बसलिंगाप्पांनी तक्रार रास्त धरली. मान न वळवता ते म्हणाले, “अगं, जरा म्होरं घे गाडी.”

अक्काताईंनी ओल्या फडक्यानं शेपटी पुसली, तोंड पुसलं आणि पुढं सरकून सगळी लाल गाडी नव्यानं काढायला घेतली. गाडी पुढं गेली आणि बसलिंगाप्पा मागच्या सीटवर राहिले. मग ते पाट घेऊन पुढं सरकले. स्वस्तिक परत काढावं लागलं.

“आता कसं,” बायडाबाई म्हणाल्या. “आता बघण्यासारखी दिसतीया. थांब, मी बी बसतो.” आणि त्या मिसरीचं बोट पदराला पुसून डिकीत मांडी घालून बसल्या. “पन्हाळ्याला न्या मला. खिडकी उघडा, गरम व्हतंय.”

“डिकीला खिडकी नसती, मावशी.”

“मग काय उपेग एवढ्या लांबीचा?”

“तेच सांगतोय मी यांना कधीपासून,” शशिधर म्हणाला.

गल्लीत ये-जा सुरू झाली. दूधवाला किटली टेकवून उभा राहिला आणि मायलेज विचारून गेला. एका स्कूटरवाल्यानं आधी हॉर्न दिला, मग खाली बघितलं, आणि एकही रेष न मोडता सबंध गाडीला वळसा घालून गेला. बसलिंगाप्पांनी त्याला हात केला. बाप-लेकांचं भांडण आता उघड्यावर आल्यामुळं त्याला रंग चढला होता. बांडीच्या बाजूनं समोरची दोन घरं, शेपटीच्या बाजूनं एकट्या बायडाबाई, कारण त्यांना डिकीत ऐसपैस वाटत होतं.

अक्काताई दाराशी उभ्या होत्या. हातात रांगोळीचा डबा तसाच. लाल गाडीचं तोंड आता बरोबर दारासमोर आलं होतं, पायरीला टेकून, पार विजेच्या खांबापर्यंत. पुसावी म्हटलं तर तीत माणसं बसलेली. पायरीवर चढून घरात गेल्या तरी काही सुचेना. रांगोळी नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर चुलीकडंही बघायचं नाही. त्या परत दाराशी येऊन उभ्या राहिल्या. ‘उतरा’ एवढा एक शब्द पुरला असता. पण मालक इतके खुशीत गाडी चालवत होते, आणि मागं पोतं नसलेले मालक त्यांनी इतक्या वर्षांत प्रथमच बघितले होते.

नऊ वाजायला आले तेव्हा सुष्मितानं चहा केला आणि गाडीतच सगळ्यांना दिला. बायडाबाईंनी बशीत ओतून फुंकला. बसलिंगाप्पांनी दोन घोट घेतले, आणि सहज मान वर केली.

“तुझा कप?”

“घेते नंतर,” अक्काताई म्हणाल्या.

“नंतर म्हंजी? नऊ वाजलं. अजून घेतला न्हाईस?”

“रांगोळी व्हायची आहे.”

“ही काय एवढी मोठी काढलीयास की.”

“ही गाडी आहे,” अक्काताई हळूच म्हणाल्या. “दारातली व्हायची आहे.”

बसलिंगाप्पांनी पुढं बघितलं. गाडीच्या तोंडापुढं खांब होता. बाजूला पायरी होती. तळहाताएवढीही जागा कुठं नव्हती. ते बघत राहिले. डिकीतून बायडाबाईंचं फुरके मारणं चालूच होतं.

“अप्पा,” शशिधर खालच्या आवाजात म्हणाला, “बांडीचं तोंड इथं संपतंय बघा. आईची जागा तशीच राहते.”

पांढरी रेष खरंच दाराच्या अलीकडं थांबली होती. बसलिंगाप्पांनी कप खाली ठेवला. उठले, पाट उचलला, आणि लाल रेषेवर पाय पडू न देता बाहेर आले.

“बांडीच घेऊया,” ते म्हणाले. “चांगली हाय. झकास हाय.”

अक्काताईंनी तो आवाज ओळखला. सोमवारी कांदा-लसूण नसलेल्या आमटीला ते हेच म्हणत, अगदी याच सुरात, आणि मग पाणी पीत.

त्यांनी डबा पायरीवर ठेवला. एवढ्या माणसांत बोलायची त्यांना सवय नव्हती.

“शेपटीची घ्या,” त्या म्हणाल्या.

“आणि तुझी रांगोळी?”

“माझं काम पहाटेचं. रात्री उभी राहू दे इथं. पहाटे मी पाणी शिंपडायच्या आधी तेवढी चौकात नेऊन लावायची. मग तिथनंच दुकानाला न्या. रात्री परत येईस्तोवर माझी रांगोळी दिवसभराची होऊन जाते.”

सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं आणि पहिल्या बायडाबाई हसल्या.

“पाटंचं? आणि बसलिंगाप्पा? आगं, ह्येच्या लगनाचा मुहूर्त सकाळचा हुता म्हणून ह्येच्या बापानं दुपारचा मागून घेतलाता.”

“मी काढीन आई,” शशिधर म्हणाला.

“तू कशाला?” बसलिंगाप्पा म्हणाले. “शेपटी माझी हाय.”

“अप्पा, नीट विचार करा. बांडी घेतली तर रोज आठपर्यंत झोप. शेपटीची घेतली तर जन्मभर पहाटे उठणं. दिवाळीला एक दिवस तुम्हाला उठवायचं तर आम्ही तिघं लागतो.”

बसलिंगाप्पांनी गल्लीकडं बघितलं. गल्ली उत्तराची वाट बघत होती. मग त्यांनी शर्टाच्या आत गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला, आणि हसणारे सगळे गप्प झाले, कारण त्या घरात या हाताखाली कुणी कधी थापा मारल्या नव्हत्या.

“रोज पाटं, हिच्या सड्याआधी, मी गाडी काढीन,” ते म्हणाले. “हिनं मला उठवायचं न्हाय. हाक बी मारायची न्हाय.”

“ठरलं,” बायडाबाई डिकीतून उठत म्हणाल्या. “म्हंजी आता शेपटीची बी आली आणि करमणूक बी.”

बसलिंगाप्पांनी स्वतः ओलं फडकं घेतलं आणि आपल्या गाडीचं तोंड पुसून काढलं. त्या जागेवर अक्काताईंनी रांगोळी काढली, पूजा केली, आणि दहाच्या सुमाराला चहा घेतला.

दसऱ्याला गाडी आली. तोवर बसलिंगाप्पांनी शिकवणीच्या गाडीवर हात बसवला होता. गल्लीतून आत आणताना पाच जण “येऊ दे, येऊ दे” म्हणून ओरडत होते आणि सहावा “बास” म्हणून. झेंडूचा हार घालून, चाकांखाली लिंबं ठेवून ती भिंतीला लागली. बायडाबाईंनी पायरी मोजून बघितली, अर्ध्या बोटाचं अंतर सुटलं होतं. तोंड दारासमोर. रात्री समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, “बसलिंगाप्पा, उद्या किती वाजता बघायला येऊ?” त्यांनी दार लावून घेतलं. गजर लावायला सुष्मितानं फोन पुढं केला तर म्हणाले, “गजरानं गल्ली उठती.” आणि नेहमीच्या वेळी घोरायला लागले.

अक्काताईंनी मनाशी ठरवलं होतं. उठवायचं नाही. नाहीच जाग आली तर पायरीच्या कडेला चार बोटं रांगोळी ओढायची, कुणाला काही बोलायचं नाही, आणि गल्लीनं विचारलं तर जागा पुरते म्हणून सांगायचं.

पहाटे नेहमीच्या वेळी त्यांना जाग आली. अंधार होता. उठायला म्हणून त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि तशाच थांबल्या. शेजारचं घोरणं बंद होतं. पलंग हळूच वाजला. मग चष्मा चाचपडणारा हात, भिंतीला धरत निघालेली पावलं.

अक्काताईंनी पांघरूण परत ओढून घेतलं आणि डोळे मिटले.

बसलिंगाप्पांनी चपला काखेत मारल्या. किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून तो लुंगीत गुंडाळून कमरेला खोचला. दाराची कडी त्यांनी दोन्ही हातांनी वर उचलली, एवढ्या सावकाश की लोखंडाला कळलंसुद्धा नाही, आणि दार पाठीमागं ओढून घेऊन ते अनवाणीच पायरी उतरले.