तपासणीच्या दिवशी मी भिंत झाकली

तुम्ही खोटं लिहिलंत. "घर कोरडं, स्वच्छ, तक्रार नाही." घरं भाड्याने देणाऱ्या तुमच्या कचेरीच्या कागदावर हे आहे, आणि त्याच घरात माझी नात तालिता या हिवाळ्यात तीनदा धाप लागून दवाखान्यात गेली.

आता माझंही ऐका. खोटं लिहायला तुम्हाला मीच मदत केली.

आम्ही टोंगा बेटांवरची माणसं, ऑकलंडला येऊन वीस वर्षं झाली तरी टोंगाचीच. तपासणीची चिठ्ठी आली आणि मला वाटलं, पाहुणा येतोय. दोन दिवस ब्लीचने भिंती घासल्या. तालिताच्या खोलीतली काळी बुरशी निघेना, तर तिच्यावर सासूबाईंचं झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड टांगलं. तुमचा माणूस आला, नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण दोनदा वाढून घेतलं, आणि कापडाचा फोटो काढून गेला.

मग मी लायब्ररीत पानियाकडे गेले. भाडेकरूंना दर मंगळवारी फुकट सल्ला देते ती. तिने कागद वाचला आणि हसत सुटली.

"लोसालिने मावशी, हे घर माझ्या घरापेक्षा चकाचक आहे! बुरशी कुठाय?"

"कापडामागे."

"टांगलं कुणी?"

"मीच. आणि त्याला मटणही वाढलं."

"वर जेवूही घातलंत? मला इथे कुणी बिस्किट विचारत नाही!" मग तिचा आवाज बदलला. "मावशी, तो पाहुणा नाही. घर कोरडं ठेवणं मालकाचं काम आहे. परत तपासणी मागा, आणि तोवर काही घासू नका."

"लाज वाटेल गं."

"त्यांना वाटू दे. चौदा दिवसांत दुरुस्त करा, असं लेखी द्या. तक्रार केली म्हणून घराबाहेर काढणं बेकायदा आहे."

घरी नवरा, उहिला, भडकला. "गप्प बस. घर गेलं तर पोरीला घेऊन कुठे जाणार?"

"आणि पोरच गेली तर?" मी म्हटलं. त्याने उठून स्वतःच्या हाताने कापड उतरवलं.

काल तुमचा माणूस परत आला. घरात कुबट वास होता. मी पाणीही विचारलं नाही. माझे कान तापले होते, पण नाही विचारलं.

"आजीबाई, खिडक्या उघडत नाही तुम्ही," तो म्हणाला.

"कशी उघडू? तुमच्याच सुताराने खिळे मारलेत."

"इतकं आवडत नसेल तर दुसरं घर बघा की."

"हे बोललात तेही लिहून घ्या. आणि भिंतीला हात लावा."

त्याने नाही लावला. मी त्याचं मनगट धरलं नाही, एवढंच. पानियाने लिहून दिलेला कागद हातात ठेवला आणि पोच म्हणून सही घेतली.

तालिता सध्या माझ्या बहिणीकडे झोपते आहे. तिला तिच्या खोलीत आणायचंय मला. तुम्ही भिंत कोरडी कधी करणार? तारीख सांगा. लेखी सांगा.