बिनस्क्रूचा होल्डर

मित्रांनो, मी एक जुना होल्डर आहे. बल्ब ज्यात बसवतात, तो होल्डर. बल्बचं सगळ्यांना कौतुक, पंख्याखाली सगळे बसतात, बटण तर लहान पोरंसुद्धा उगाच खालीवर करून बघतात. माझ्याकडे मात्र कुणी बघत नाही. बघितलंच तर दिवा लागत नाही तेव्हा, आणि तेही कपाळाला आठ्या घालून. जन्मभर एका जिन्यात डोकं खाली करून लटकलो. आता खिडकीतल्या फळीवर आडवा पडलोय आणि खरं सांगू का, आडवं पडून फार बरं वाटतंय. तुम्ही समोर बसलाच आहात म्हणून सांगतो, नाहीतर हल्ली बोलायचाही कंटाळा येतो.

माझ्याआधीच्या होल्डरांच्या पोटात दोन बारके स्क्रू असायचे. वायर आत घालायची आणि स्क्रू आवळायचा, एवढंच काम. पण ते करायचं कुठे, तर छताजवळ, स्टुलावर उभं राहून, मान मागे टाकून. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात वायर, दातात पेचकस. मग स्क्रू धरायला तिसरा हात आणायचा कुठून? स्क्रू हमखास निसटायचा आणि नेमका कपाटाखाली जायचा. वायरमन खाली उतरून जमिनीवर पालथा पडून शोधायचा, आणि घरातली बाई दारात उभी राहून विचारायची, "अहो, झालं का?" दोन्ही हात धडधाकट असलेल्या माणसाची ही गत होती.

तर आमच्या गावात एक वायरमन होता. वय चाळिशीपुढचं, पण भावंडांत शेवटचा, म्हणून सगळे त्याला धाकटा म्हणत. एकदा त्याची शिडी सरकली आणि उजवा हात खिडकीच्या काचेतून आरपार गेला. जखम भरली, पण अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना भेटेनात. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. जड वस्तू उचलता येत होती, दार उघडता येत होतं, पण बारका स्क्रू काही केल्या चिमटीत येत नव्हता. आणि वायरमनचं सगळं आयुष्य त्या चिमटीत असतं.

धाकटा घरी बसला. हत्यारांची पिशवी दाराजवळ टांगलेली होती, तिच्याकडे पाठ करून बसायचा. बायको काही बोलली की अंगावर यायचा, आणि मग स्वतःच रडवेला व्हायचा. मेव्हण्याने सांगून बघितलं, "आमच्या दुकानात येऊन बसा, गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची, पाणी विचारायचं, एवढंच काम." धाकट्याने ते ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मोठ्या बहिणीकडे जाऊन म्हणाला, "ताई, लोक मला वायरमन म्हणून ओळखतात गं. उद्या मी कोण म्हणून सांगू?"

ही ताई विजेचं सामान बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात साचे बनवायची. बोलायला फटकळ, हाताला पक्की. तिने भावाला मिठी वगैरे मारली नाही. "रडून स्क्रू आवळला जात नाही. हात पुढे कर," असं म्हणाली आणि त्याचा तो हात उलटापालटा करून किती तरी वेळ बघत राहिली. कुठलं बोट किती वाकतं, तळव्याच्या कडेत जोर किती आहे, सगळं दाबून दाबून बघितलं. माझा जन्म तिथे ठरला म्हणा ना.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ताईचा डबा बाजूला आणि तारांचे तुकडे पुढ्यात. आधी तिने पेनातली स्प्रिंग घालून बघितली. तिची पकड इतकी लेचीपेची की वायर जरा हलली की बाहेर. मग जाड स्प्रिंग घातली, तर ती दाबायला पैलवान लागला असता. असे माझे कितीतरी भाऊ भंगारात गेले. शेवटी एकदा गच्चीवर वाळलेले कपडे काढताना तिच्या हातात चिमटा आला. ती तो नुसताच उघडमीट करत उभी राहिली. शेजारीण म्हणाली, "अहो ताई, कपडे पुन्हा ओले व्हायची वाट बघताय का?"

पण चिमट्यालाही दोन बोटं लागतात. म्हणून ताईने मला एक रुंद पट्टी दिली. ती तळव्याच्या कडेने दाबायची, की माझं तोंड उघडणार. वायर आत सरकवायची, हात काढायचा, की मी ती घट्ट धरणार. पाठीला एक आकडा दिला, म्हणजे वायर जोडेपर्यंत मी आपला आपण लटकत राहीन. आणि बाजूला एक छोटी पारदर्शक खिडकी ठेवली. तांबं आतपर्यंत पोचलं की त्या खिडकीतून चकाकायचं. मग वायर एकदा ओढून बघायची. ढकल, बघ, ओढ. संपलं काम. मी तयार झालो तेव्हा ताईने मला तळहातावर ठेवलं आणि हसली. माझ्या आयुष्यातला तेवढा एक दिवस मला दमल्यासारखं वाटलं नाही.

कारखान्याच्या मालकांना ताईने सगळं समजावलं. ते म्हणाले, "ठीक आहे, वायरमन लोकांनाच बोलवू. त्यांना आवडला तर साचा करू." दोन जुने, नावाजलेले वायरमन आले. धाकटाही आला, इस्त्रीचा शर्ट घालून. तो कोपऱ्यात उभा होता, पण सगळ्यांत जास्त घाम त्यालाच आला होता. माझी परीक्षा म्हणजे त्याचीच परीक्षा होती.

पहिल्या वायरमनने वायर सोलली, तांब्याचे बारीक धागे पिळले आणि टोकाची घडी घातली. मित्रांनो, ही या लोकांची जुनी रीत. सरळ तार स्क्रूखालून निसटते, म्हणून घडी घालून ती जाड करायची. हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप करतो. पण माझ्यात स्क्रूच नव्हता! माझं तोंड एका सरळ तारेपुरतं केलेलं होतं. घडी घातलेली तार अर्धी आत गेली आणि अडकली. त्याने ओढून बघितलं, तर हातात आली. दुसऱ्याने तेच केलं. "सरळ घाला हो, घडी नको," ताई सांगत होती, पण तोवर दोघं हसायला लागले होते. "बिनस्क्रूचा होल्डर म्हणे! उद्या बिनकाड्यांची छत्री काढा." नाचता येईना अंगण वाकडं, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण होल्डरचं कोण ऐकतं?

मग मालक धाकट्याला म्हणाले, "तुम्ही करून दाखवा."

धाकटा पुढे झाला. डाव्या हाताने वायर घेतली, दातांनी सोलली, आणि ताई बघत असतानाच दातांनीच टोकाची घडी घातली. जित्याची खोड, दुसरं काय! तार अडकली. त्याने जोर लावला, तसा मी आकड्यावरून सुटून जमिनीवर पडलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. धाकट्याने मला उचलून टेबलावर ठेवलं आणि तो कुणाकडे न बघता निघून गेला.

संध्याकाळी ताई त्याच्या घरी जाऊन कडाडली. "सगळं तुझ्यासाठी केलं ना रे! मग घडी कशाला घातलीस?"

"मी नाही घातली. हाताने घातली."

"हो का! स्क्रू धरताना तुझ्या हाताला काही आठवत नाही, घडी बरी आठवते!"

बोलून गेली आणि तिचा चेहरा पडला. धाकट्याने दाराजवळची पिशवी काढली आणि पलंगाखाली अगदी आत ढकलली. "मेव्हण्याला सांग, सोमवारपासून येतो," असं बायकोला म्हणाला.

ताई मला घेऊन परत आली. मला वाटलं, आता माझी पण रवानगी भंगारात. तिने घडी घातलेली एक तार माझ्या तोंडात पुन्हा पुन्हा घालून बघितली. मग स्वतःशीच म्हणाली, "तारेचं माप घेतलं मी. त्या लोकांचं घ्यायचं राहिलंच की." आणि तिने कानस काढली. मित्रांनो, कानस कशी लागते ते तुम्हाला काय सांगू! माझं तोंड तिने नरसाळ्यासारखं पसरट केलं, आतली पट्टी काढून जास्त उघडणारी बसवली. आता तार सरळ येवो, पिळलेली येवो नाहीतर घडी घातलेली, मी सगळ्यांना धरायला तयार.

पण धाकटा हात लावेल तर ना. "आणखी हसं करून घ्यायचं नाही मला," म्हणून तो दारातूनच परत पाठवायचा. तेव्हा ताईने दुसरी वाट धरली. रविवारी सकाळी निरोप धाडला, "आमच्या जिन्यातला दिवा गेलाय. म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या दिसत नाहीत, कुणीतरी पडेल. तू येतोस की दुसरा वायरमन बोलवू?" ते 'दुसरा वायरमन' त्याला बरोबर लागलं. तो पिशवी घेऊन आला.

मेन बंद केला. स्टुलावर चढला. ताईने मला हातात दिलं, तसं त्याने आकड्याने वर लटकवलं, तळव्याच्या कडेने पट्टी दाबली आणि डाव्या हाताने वायर आत सारली. घडी घातलेलीच! खिडकीत तांबं चकाकलं. त्याने ओढून बघितलं. मी सोडली नाही. मी अशी धरली होती की सगळं घर ओढलं असतं तरी सोडली नसती. दुसरीही वायर तशीच. बल्ब लावला, मेन चालू केला आणि जिन्यात उजेड पडला.

"ताई, लागला गं," एवढंच तो म्हणाला.

"मग उभा काय राहिलास? चहा गार होतोय," असं म्हणून ताई भरभर वर निघून गेली. तिला डोळे पुसायचे होते. सोमवारी धाकटा मेव्हण्याच्या दुकानात गेला नाही. पिशवी खांद्याला लावून कामावर गेला.

पुढचं सगळं बरं झालं म्हणायचं. मालकांनी साचा केला, माझी हजारो भावंडं निघाली आणि घराघरांत गेली. त्या हसणाऱ्या वायरमनांच्या पिशवीतही माझे भाऊ आले. मग आयत्या बिळावरचे नागोबाही आले. आमची नक्कल, पण पट्टी पातळ आणि खिडकी गायब. ते जळायचे आणि शिव्या आम्ही खायचो. मी जिन्यातच राहिलो. रंगारी आले, त्यांनी भिंतीबरोबर मलाही रंगवलं. कोळ्यांनी घरं केली. बल्ब बदलत गेले, पण मला कुणी फडकं लावलं नाही. वायर धरून धरून माझी पट्टी सैल पडली, उजेड लुकलुकायला लागला. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू झाडूच्या दांड्याने मला दोन ठेवून द्यायच्या. तेवढ्यापुरता मी नीट लागायचो. मार खाऊन उजेड द्यायचा, असं म्हातारपण आलं माझं.

शेवटी त्यांनी धाकट्याला बोलावलं. आता त्याचेही केस पांढरे झालेत. मेन बंद करून त्याने मला उतरवलं, रंगाचे पापुद्रे नखाने काढले आणि अलगद खिशात ठेवलं. नवा होल्डर बाहेर काढला. काकू बघत होत्या. म्हणाल्या, "ह्यात काय एवढं? पट्टी दाबायची आणि वायर घालायची. हे मीही केलं असतं."

मला असा राग आला! म्हटलं, धाकट्या, सांग हिला. तुझा हात दाखव, ते भंगारात गेलेले माझे भाऊ सांग. पण तो स्टुलावरून उतरला आणि म्हणाला, "मग करा की. मेन बंद आहे, मी तपासलाय. मी इथे उभा आहे." आणि काकूंनी केलं. घाबरत चढल्या, जीभ बाहेर काढून वायर सारली, ओढून बघितली आणि खाली आल्या. दिवा लागला तेव्हा शाळेत पहिला नंबर आल्यासारख्या हसल्या.

धाकटा मला घेऊन वर ताईकडे आला. ती आता फार कुठे जात नाही, खिडकीत बसून असते.

"झालं का? लवकर आलास," ती म्हणाली.

"मी नाही लावला, ताई. खालच्या काकूंनी लावला."

"एकट्यांनी?"

"एकट्यांनी. वर मलाच म्हणतात, ह्यात काय एवढं! आधी वाईट वाटलं गं. म्हटलं, आता माझी कुणाला गरज नाही."

मला वाटलं, ताईची जीभ आता सुटणार. पण ती हसायला लागली. हसता हसता चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसली. मग भावाचा तो वाकडा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "अरे वेड्या, 'ह्यात काय एवढं', हे एक वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते."

धाकटाही हसला. मला तिने फडक्याने पुसून या फळीवर ठेवलं. तेव्हापासून मी विचार करतोय. ज्या वाक्याचा मला एवढा राग आला, ते तिला बक्षीस वाटलं. म्हणून मित्रांनो, तुम्हीही म्हणा खुशाल, ह्यात काय एवढं. मला आता त्याचं वाईट वाटत नाही. फक्त वर्षातून एकदा घरातल्या मोठ्या माणसांना सांगा, मेन बंद करून जिन्यातल्या होल्डरवरून एक कोरडं फडकं फिरवायला. तो मागणार नाही. तो तिथे नुसता धरून असतो.