व्याह्यांची हिरवळ

देवासच्या मानाजीरावांनी अंगणात प्लास्टिकची हिरवळ घातली, ती निव्वळ व्याह्यांचं पाहून. मुलाच्या, रणवीरच्या लग्नासाठी ते गुहागरला गेले होते. तिथे व्याही श्रीपादरावांच्या समुद्राकाठच्या घरापुढे त्यांनी ते हिरवंगार अंगण पाहिलं आणि चपला काढून त्यावर दोन फेऱ्या मारल्या.

"खाली सगळी वाळू," श्रीपादराव म्हणाले. "कितीही पडो, घटकेत कोरडं."

परतीच्या वाटेवर मानाजीराव इंदूर येईपर्यंत बोटांवर अंगणाची मापं मोजत होते. त्यांच्या बायकोने, बकुळाबाईंनी, तेव्हाच ओळखलं, की आता आपल्या वाफ्यांचं काही खरं नाही.

तसंच झालं. अबोली गेली, कोथिंबीर गेली, आणि इंदूरचा एक माणूस हिरव्या गुंडाळ्या घेऊन दारात उभा राहिला.

"अहो, गुहागरला वाळू आहे," बकुळाबाई म्हणाल्या. "आपली काळी माती. एकदा पाणी प्यायली की सोडते का?"

"त्या हिरवळवाल्या भियाला विचारलंय मी. म्हणाला, नीचे छेद हैं, पानी अपने आप उतर जाएगा."

छेद होते, खोटं नाही. फक्त छेदांखालच्या मातीला कुणी विचारलं नव्हतं. पावसाळा मुरला तशी हिरवळ पायाखाली पचपच वाजू लागली. एक बेडूक खाली शिरला आणि एक टेंगूळ रोज जागा बदलू लागलं. मानाजीराव मात्र फोनवर व्याह्यांना सांगत राहिले, "तुमच्याहून कांकणभर सरसच झाली बघा."

अशात प्रियांकाला सातवा लागला आणि डोहाळजेवणाला तिचे आईवडील गुहागरहून यायचे ठरले. जेवण बागेतलं करायचं, अंगणात झोपाळा बांधायचा, असं सूनबाईंच्याच मनात होतं. आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला. बकुळाबाई म्हणाल्या, खुर्च्या मांडू. मानाजीराव म्हणाले, खुर्च्यांखाली हिरवळ दिसणार कशी? शेवटी पचपच ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी वर दुहेरी जाजम अंथरलं आणि चारी कडांनी हिरवळ दिसेल इतकी जागा सोडली.

ऊन छान पडलं. प्रियांका फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली. विहीणबाई, म्हणजे विनोदिनीबाई, जांभळी पैठणी नेसून जाजमाच्या मधोमध बसल्या. ओटी भरायला सगळ्या बायका उठल्या, पण त्या काही उठेनात. खुद्द मुलीची आई बसून राहिली म्हणताना बकुळाबाईंना शंका आली. मानपानात काही राहिलं की काय? त्या जवळ जाऊन वाकल्या.

"विहीणबाई, काही चुकलं का आमचं?"

"नाही हो," विनोदिनीबाई हळूच म्हणाल्या. "उठता येतंय. पण उठण्याजोगी राहिले नाही."

बकुळाबाईंनी जाजमावर हात टेकला. पाणी बोटांतून वर आलं. विहीणबाईंची पैठणी कमरेपर्यंत भिजली होती. धरणीने पोटात घ्यावं असं बकुळाबाईंना वाटलं, पण ही धरणी दुभंगायला उन्हाळा लागतो.

त्या काही बोलणार, तोच विनोदिनीबाईंना हसू फुटलं. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलेपर्यंत. हसता हसता त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, सांगा आता यांना. उगीच मनाला लावून घेतील बिचाऱ्या."

श्रीपादराव पुढे आले. त्यांचा चेहरा पडला होता.

"आमच्या हिरवळीखालच्या पाइपाचं तोंड पुळणीवर उघडतं," ते म्हणाले. "आषाढात उधाण आलं, तसा समुद्र पाइपातून उलटा आत शिरला. हिरवळ फुलक्यासारखी फुगली आणि एक कोपरा शेजाऱ्यांच्या विहिरीवर जाऊन पडला. खाली खेकडे निघाले."

"मग फोनवर बोलला नाहीत," मानाजीराव म्हणाले.

"तुम्ही कांकणभर सरस म्हणालात. मग काय बोलणार?"

मानाजीराव जाजमाचं एक टोक उचलून म्हणाले, "या, आमचा बेडूक दाखवतो."

बकुळाबाईंनी विहीणबाईंच्या पाठीमागून आडोसा करत त्यांना घरात नेलं आणि आपली चंदेरी नेसवली. ओटी मग कोरड्या ओसरीवर भरली, आणि ती अधिक हसतखेळत झाली.

व्याही दुसऱ्या दिवशी निघायचे होते, ते राहिले. दोघा पुरुषांनी धोतरं खोचून हिरवळ गुंडाळली. माणसं लावून काळी माती वीतभर खाली काढवली, गिट्टी भरली, रस्त्याच्या नालीकडे उतार दिला आणि मधून भोकांचा पाइप टाकला. श्रीपादरावांनी आपल्या अनुभवाने त्याच्या तोंडाला झडप लावायला सांगितली, म्हणजे पाणी बाहेर जाईल पण आत येणार नाही.

"इथे समुद्र कुठला आणायचा?" मानाजीरावांनी विचारलं.

"नाली तुंबते ना तुमची?"

झडप बसली. उताराच्या वादात दोघे दुपारभर हमरीतुमरीवर होते. तेवढ्यात बकुळाबाईंनी, अंगण उकरलेलंच आहे तर, भिंतीलगतची सगळी पट्टी वाफ्यांसाठी आखून टाकली. विनोदिनीबाईंनी दोरी धरली. हिरवळ परत अंथरताना ती का उरते आहे, हे पुरुषांच्या लक्षातच आलं नाही. बकुळाबाईंनीही आठवण करून दिली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस कोसळला. दोघी विहिणी ओसरीवर भुट्ट्याचा कीस खात बसल्या होत्या. अंगणात पाणी ठरेना. हिरवळीवर मिनिटभर चमके आणि आत नाहीसं होई. दोन्ही व्याही छत्र्या घेऊन बाहेर नालीपाशी, पाइपाच्या तोंडावर वाकून उभे होते.

एक स्कूटरवाला थांबला. "क्या गिर गया, भिया?"

"कुछ नहीं," मानाजीराव मान वर न करता म्हणाले. "पानी आ रहा है."

स्कूटरवाल्याने वर आभाळाकडे पाहिलं, खाली नालीकडे पाहिलं, आणि गाडी लावून तोही वाकला.