मागे सरकलेली सीट

किल्लीवाल्याने दाराच्या फटीतून एक पातळ पट्टी आत सारली, कान काचेला लावला आणि कुणी घोटभर पाणी प्यावं तेवढ्या वेळात गाडीचं दार उघडलं.

"झालं! इतकं सोपं असतं, काकू. पण कुणाला सांगू नका, नाहीतर माझं पोट चालायचं नाही."

तिला हसू आलं नाही. किल्ली तिनेच हरवली होती. परवा इस्पितळातून आल्यावर इमारतीमागच्या गल्लीत गाडी लावली, यजमानांचा हात धरून त्यांना घरापर्यंत आणलं, आणि संध्याकाळी बघते तर पर्समध्ये किल्ली नाही. गटाराच्या जाळीत बॅटरी मारून पाहिली, कचऱ्याचे डबे उपसले. यजमानांचं रक्त आठवड्यातून तीनदा मशीनवर शुद्ध करावं लागे. आज साडेअकराची वेळ होती, आणि ते वर खोलीत केव्हाचे बूट घालून बसले होते.

किल्लीवाल्याने दाराचं कुलूप तपासून आपल्या छोट्या यंत्रावर नवी किल्ली कापली. तिने हात पुढे केला.

"लावून बघा की," तो म्हणाला. "फिरेल. पण इंजिन हूं की चूं करणार नाही."

तसंच झालं. किल्ली फिरली, स्टिअरिंगसमोरचे दिवे लागले, त्यात किल्लीचं एक इवलंसं चित्र लुकलुकू लागलं, आणि गाडी मुकाट राहिली.

"किल्लीच्या काळ्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, काकू. गाडी तिला विचारते, तू कोण? चिप आपला नंबर सांगते. तो नंबर गाडीच्या आठवणीत असला तर इंजिन चालू, नसला तर रामराम. लोखंडाचं पातं दार उघडतं, बास. घरात घ्यायचं की नाही, ते चिप ठरवते."

"मग ह्या नवीचा नंबर घाला."

"घालतो. पण चालू किल्ली एकही समोर नाही, म्हणजे आधी जुनं सगळं पुसावं लागणार. ते बरंच, हरवलेली कुणाला सापडली तरी उपयोग नाही. घरात दुसरी असेल तर आत्ताच आणा. समोर असेल ती पुन्हा नोंदता येते. नसेल ती कायमची बाद."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

दुसरी किल्ली मुलाकडे होती. तीन वर्षांपूर्वी बापलेकाचं वाजलं आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला, तेव्हा ती त्याच्या खिशातच राहिली होती. त्या रात्री यजमानांनी तिच्याकडून शब्द घेतला होता: आधी तो फोन करेल, तू करायचा नाहीस. दिलेला शब्द मोडायचा तिचा स्वभाव नव्हता. रोज सकाळी देवाचं नाव घेताना ती मुलाचं नाव घेई, पण फोनला हात लावत नसे.

कारण तिच्याजवळ एक गुपित होतं. दर सोमवारी सकाळी ती गाडी पुसायला जाई. तीन वर्षांत सात वेळा असं झालं होतं, की ड्रायव्हरची सीट पार मागे सरकलेली होती. ती आणि यजमान दोघंही बुटके. तेवढे लांब पाय घरात एकाचेच होते. रविवारी दुपारी दोघं पडलेली असताना पोरगा येतो, गाडी फिरवून आणतो, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. ती सीट पुढे ओढून ठेवी आणि तोंडातून ब्र काढत नसे. त्याला कमी पडू नये म्हणून दर शनिवारी टाकी भरून ठेवी. यजमान म्हणत, "गाडी पेट्रोल पिते, की तू पाजतेस?" सोमवारी काटा जागचा हललेला नसे. वापरलं तेवढं भरून ठेवतो, गुणाचं माझं लेकरू, असं तिला वाटे.

"दुसरी मुलाकडे आहे," ती किल्लीवाल्याला म्हणाली. "ती पुसू नका. मी त्याला बोलावून घेते."

शब्द मोडायचा तर आजच, असं तिने ठरवलं होतं.

किल्लीवाल्याने स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि हातातल्या पडद्याकडे बघत राहिला.

"काकू, गाडीच्या आठवणीत एकच किल्ली आहे."

"दोन आहेत हो. घेतानाच दोन मिळाल्या होत्या."

"मिळाल्या असतील. पण एक आधीच कुणीतरी पुसलीय. हे आपोआप होत नाही, मुद्दाम करून घ्यावं लागतं."

ती जिना कशी चढली ते तिचं तिला कळलं नाही. यजमान पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"झाली का गाडी?"

"अहो, त्याची किल्ली तुम्ही पुसून घेतलीत?"

ते बुटांकडे बघत म्हणाले, "तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सर्व्हिसिंगला टाकली होती तेव्हा. हरवली म्हणून सांगितलं." मग हळूच म्हणाले, "राग होता गं. नंतर वाटलं, कळणारे कुणाला? तो कशाला येतोय गाडी चालवायला?"

"तो येत होता," ती म्हणाली.

तिने त्यांच्यासमोरच फोन लावला. यजमानांनी अडवलं नाही.

"आई?" तोच आवाज, थोडा जाड झालेला. "बाबांना काही झालं का?"

"नाही रे. आहेत. बाळा, तू रविवारी गाडीपाशी येतोस ना?"

"तुला माहीत होतं?"

"सीट मागे असायची."

"पहिल्यांदा आलो तेव्हा वाटलं, बॅटरी गेली. मग ते किल्लीचं चित्र लुकलुकताना दिसलं. गॅरेजवाल्या मित्राला विचारलं, तर म्हणाला, तुला बाद केलंय घरच्यांनी." तो हसल्यासारखा झाला. "आणि पुढच्या खेपेला सीट परत पुढे. म्हटलं, आईला कळतंय मी येतो ते. बोलावत नाही, म्हणजे दोघांचं मिळून ठरलंय."

"नाही रे, बाळा! मला आज कळलं. आत्ता, ह्या घटकेला."

"मग फोन का नाही केलास?"

तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते ओठांवर येताच तिला स्वतःचीच लाज वाटली.

"चालू होत नव्हती, तर का येत राहिलास?"

"बसायचो. गाडीत तुझ्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास असतो. शेवटचा आलो होतो गेल्या पावसाळ्यात. आता नाही येत."

"ये ना. किल्लीवाला खाली आहे, तुझी पुन्हा नोंदवून देईल. आत्ता निघालास तर..."

"नको आई. आता नको." मग त्याने विचारलं, "बाबांची मशीनची वेळ किती वाजताची?"

म्हणजे त्याला आजाराचं कुणाकडून तरी कळलं होतं.

"साडेअकरा."

"मग जा. उशीर होईल."

खाली किल्लीवाल्याने विचारलं, "नवी एकच करून नोंदवू की दोन?" तिने दोन बोटं दाखवली. इंजिन सुरू झाल्यावर तो खुशीत म्हणाला, "बघा, ओळखलं!" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून आपली अवजारं आवरू लागला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर यजमानांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, बाबांना वेळेवर पोचव."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने हात पुढे करून त्यांना धीर दिला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून ती बसली होती. चौकातला सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तरी गाडी पुढे न्यायची असते हे तिला सुचेना.