शेवटचं अगं

पुढे इस्त्रीचं दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा. त्या घरात वर्षातून एकदा म्हातारीच्या मुलाची आठवण निघायची. मुलगा शिपाई होता आणि शत्रूच्या कैदेत मेला होता. त्याचा ना देह घरी आला, ना राख. आला तो एकच शब्द, आणि तोही परक्याच्या तोंडून.

हा परका म्हणजे त्याच्याच बराकीतून जिवंत सुटलेला सोबती. सुटून इतकी वर्षं झाली, तरी गल्ली त्याला कैदीच म्हणायची. तो न चुकता यायचा, जेवणावर आडवा हात मारायचा आणि तिखटमीठ लावून तीच हकीकत सांगायचा. थंडीनं पाय काळा पडला, बोटं सडली, छावणीतल्या न्हाव्यानं ती छाटली आणि गडी "आई गं" म्हणून जो बेशुद्ध पडला तो पुन्हा काही बोललाच नाही.

झालं! म्हातारीचा पदर डोळ्याला. "मलाच हाक मारली माझ्या बाळानं. जीव जाताना आपलं माणूसच आठवतं." आणि ओल्या डोळ्यांनीच सुनेकडे असं बघायची, की त्या बिचारीनं जमिनीत गडप व्हावं. एवढी शिदोरी म्हातारीला वर्षभर पुरायची. भाजी खारट झाली, काढला शब्द. गिऱ्हाइकाची कॉलर करपली, काढला शब्द. "उगीच नाही त्यानं तुझं नाव टाकलं, ए!" सुनेला ती 'ए' म्हणूनच हाक मारायची.

सून मूग गिळून इस्त्री फिरवत राहायची. दुकान तिच्याच जिवावर चाललं होतं, म्हातारीचं औषधपाणीही तीच बघत होती. तिला कुणाकडून काही नको होतं. फक्त एक कळायला हवं होतं, की मरताना आपण त्याच्या मनात होतो की नव्हतो. नवरा एका रजेपुरता तर भेटला होता. त्या तेवढ्या दिवसांवर जन्म काढायचा, म्हणजे काही तरी आधार नको का?

यंदा हॉटेलच्या चादरींचं मोठं काम अंगावर होतं, म्हणून सगळे दुकानातच बसले. नणंद आली होती, तिचा नवरा आला होता. कैदी धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर ऐसपैस बसून ताटावर तुटून पडला होता. तोंडातला घास न गिळताच तो म्हणाला, "न्हाव्यानं कात्री दाबली मात्र, असा ओरडला म्हणता! अगं आई गं!"

सुनेचा हात थांबला. "काय म्हणाले?"

"अगं आई गं."

"दरवर्षी तर नुसतं आई गं सांगता."

"सांगत असेन. पण अगं होतंच की, वहिनी. पाय मीच दाबून धरले होते, चांगला कानाशी ओरडला."

सुनेनं इस्त्री उभी करून ठेवली. तिचं काळीज असं धडधडायला लागलं, की तिलाच लाज वाटली. अगं! नवऱ्यानं तिला नावानं कधी हाक मारलीच नव्हती. अगं, पाणी आण. अगं, ऐक ना. अगं, झोपलीस का? आणि म्हातारीचा दरारा असा, की पोटचा पोर असून तो तिला अहोजाहो करायचा.

"अगं म्हणजे मी," ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्या घरात ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "तुम्हाला ते अहो आई म्हणायचे. अगं मला म्हणायचे. आधी मला हाक मारली त्यांनी!"

नणंदेच्या नवऱ्याला हसू आवरेना. "वहिनी, काहीतरीच काय!" नणंद म्हणाली. म्हातारी मात्र हसली नाही. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. ती उठली, टेबलाला वळसा घालून सुनेजवळ आली, आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं सुनेचं मनगट पकडून चारी बोटं तापल्या इस्त्रीवर दाबली.

"अगं आई गं!" सून किंचाळली.

"ऐकलंत?" म्हातारी सगळ्यांकडे वळली. तिला धाप लागली होती, पण तोंडावर काय तो विजय! "हिनं कुणाला म्हटलं अगं? हिच्या कुठल्या बायकोला? भाजलं की येतंच ते तोंडात. कुत्रं केकाटतं, माणूस हे ओरडतं. ती काय हाक असते होय?"

सुनेनं शिंपडायच्या पाण्याच्या भांड्यात हात बुडवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ओठ दाताखाली धरला होता. मग तिनं मान वर केली.

"आणि आई कुणाला म्हटलं मी?"

सुनेनं तो ओला हात म्हातारीसमोर धरला.

"माझी आई मला जन्म देतानाच गेली. पांढऱ्या पायाची म्हणून तुम्हीच ऐकवता मला. जिचं तोंडही पाहिलं नाही तिला हाक मारली मी? की तुम्हाला मारली, अहो आई?"

नणंद लुगड्याचा काठ चाळवत बसली. म्हातारी कैद्याजवळ गेली आणि तिनं त्याचा खांदा गच्च धरला. "तू सांग रे. तू होतास ना तिथे? मलाच मारली ना हाक? मलाच ना?"

कैद्यानं सुनेच्या बोटांवर टरारून आलेले फोड पाहिले. हातातलं ताट खाली ठेवलं.

"मावशी," तो म्हणाला, "बोटं छाटत होते हो त्याची."

म्हातारी तिथेच चादरींच्या ढिगाशी मटकन खाली बसली. सुनेला वाटलं, आता तरी आपल्याला बरं वाटेल. पण छे, कसलं बरं वाटतंय! तिचं अगं गेलं, म्हातारीचं 'आई गं' गेलं. त्या घरात आता त्यानं मरताना कुणालाच हाक मारली नव्हती.