पुलाच्या पुढे

सर्वेवालीने जीपच्या बॉनेटवर फॉर्म पसरले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक दगड ठेवला. नदीच्या या बाजूची सात गावं, सात गठ्ठे. तिने पुन्हा एकदा पानं उलटली, ओठ हलवत मोजलं आणि मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं.

"चारच."

"नीट बघ."

"तिसऱ्यांदा बघतेय, सिस्टर. चारच आहेत."

मोठ्या सिस्टर जीपच्या पायरीवर बसून एका पायाचा बूट काढून तळवा चोळत होत्या. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असे सर्वे किती पाहिले होते, ते त्यांचे पाय सांगत होते.

नियम साधा होता. तीन वर्षांत वर्षाच्या आतलं मूल दगावल्याच्या पाच नोंदी सापडल्या, तर भाग 'अधिक गरजेचा' ठरायचा. मग नदीच्या याच बाजूला बाळंतपणाची खोली, रात्रंदिवस हजर राहणारी नर्स आणि एक गाडी मिळायची. चार सापडल्या, तर 'समाधानकारक' असा शिक्का बसायचा आणि पुढची पाच वर्षं कुणी इकडे फिरकायचं नाही. फॉर्म आज संध्याकाळी पाचच्या आत कचेरीत पोचवायचे होते.

"एकानं कमी पडलं," सर्वेवाली म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

"चावून काय होणार? सगळ्यांनाच तसं वाटतं." सिस्टरांनी बूट झटकला. "आपल्याकडे गरज मोजायला मेलेलं माणूस लागतं, पोरी. जिवंताची गरज मोजायची पट्टी अजून निघायचीय."

सर्वेवालीने खिशातून फोन काढला. इथे, या चढावर, दोन काड्या रेंज यायची. तिचं नऊ महिन्यांचं बाळ तिने आईकडे ठेवलं होतं. आठ दिवस ती जिथे रेंज येईल तिथे उभी राहून तेच विचारत होती.

"झोपलाय का गं? अंगाला हात लावून बघितलास? कोमट नाही ना लागत?"

"दर तासाला काय गं फोन?" पलीकडून आई म्हणाली. "तुलाही मीच वाढवलंय. अजून धडधाकट आहेस ना? मग ठेव फोन आणि कामं कर."

तिने फोन ठेवला. पाठमोरी होऊन तिने ओढणी छातीवरून नीट केली. दुपारच्या पाजण्याची वेळ टळून गेली होती आणि अंगाला ते कळत होतं.

ड्रायव्हरदादा समोरची काच पुसत होते. आठ दिवस ते गाडी चालवत आणि काच पुसत, यापलीकडे कशात पडत नसत. आज फडकं पिळता पिळता म्हणाले,

"सुताराकडचं धरलंत का?"

"कुठल्या?"

"तिसऱ्या गावातल्या. रस्त्यालगतचं घर."

सर्वेवालीने तिसरा गठ्ठा उपसला. सुताराचा फॉर्म तिने स्वतःच भरला होता. सहाव्या पानावर तिचंच अक्षर होतं: बाळ मृत जन्मले. 'मृत जन्म' हा रकाना वेगळा, तो त्या पाचात धरत नसत.

"ते मेलेलंच जन्मलं होतं, दादा. त्यांनीच सांगितलं."

"मेलेलं?" ड्रायव्हरदादांचा हात थांबला. "मीच नेलं की त्यांना. तेव्हा मी दूधगाडीवर होतो. बाई मागे कॅनांच्या मधे आडवी, सुतार तिच्या उशाशी. वीटभट्टीच्या वळणाला बाळंत झाली. चांगलं टाहो फोडून रडलं की पोर. पुलापर्यंत रडत होतं. पुलावर फळ्यांचा खडखडाट असतो, पुढचं काही ऐकू आलं नाही. मी समजलो, संपलं."

पाच झाले, असं सर्वेवालीच्या मनात आलं होतं, आणि ते चेहऱ्यावर येण्याआधी तिने मान खाली घातली. पण सिस्टरांनी पाहिलं होतं.

"येतं असं," त्या म्हणाल्या. "मला पहिल्यांदा आलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. चल. ड्रायव्हरच्या बोलण्यावर नोंद होत नाही. घरच्या माणसानं सांगायला हवं." मग गाडीत बसता बसता त्यांनी सहज विचारलं, "त्या दिवशी बाईला विचारलं होतंस ना? सहावं पान आईला विचारायचं असतं."

सर्वेवालीने खिडकीबाहेर पाहिलं. त्या दिवशी चार वाजून गेले होते, घरी बाळ ताणून रडतंय असं आईने कळवलं होतं. बाई आत होती, सुतार समोर होता. त्याला विचारून तिने खूण केली होती आणि धावत गाडी गाठली होती.

"नाही," ती म्हणाली.

सिस्टरांनी "हं" एवढंच केलं.

सुताराचं घर म्हणजे पुढे उघडी पडवी आणि मागे दोन खोल्या. पडवीत खिडकीची चौकट आडवी टाकून तो रंधा मारत होता. पायाशी ढलप्यांचा ढीग. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. सिस्टर फाटकाशीच थांबल्या. तिची चूक तिनेच निस्तरावी, असा त्यांचा बेत असावा.

"पुन्हा?" सुतार हसला. "सर्वेवाल्या बाई, आमच्या घरात रोग सापडेना म्हणून परत आलात होय?"

"एक विचारायचं राहिलं होतं."

तिच्या हातात सहावं पान वर होतं. ते त्याला दिसलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्याने आत एकदा पाहिलं, मशीन चालू होती. मग आवाज खाली आणून म्हणाला,

"दूधगाडीवाला बोलला?"

"हो."

तो परत रंधा मारू लागला. एक हात, दुसरा हात, लाकडाची पातळ वळी सुटून खाली पडली.

"रडलं होतं," तो म्हणाला. "मग?"

सर्वेवालीने त्याला नियम सांगितला. पाच नोंदी, खोली, नर्स, गाडी. सांगताना तिला आपलाच आवाज बाजारात माल खपवणाऱ्यासारखा वाटला. तो ऐकत होता, मान हलवत होता. मग रंधा बाजूला ठेवून त्याने चौकटीवर दोन्ही तळवे टेकले.

"तिला मी सांगितलंय, मेलेलंच जन्मलं. आलंच नाही म्हटल्यावर माणूस कसंतरी सावरतं. आलं होतं आणि वाटेत गेलं म्हटल्यावर कुणी सावरेल? त्या दिवशी ती दुपारी बाराला म्हणाली होती, कळा येतात, निघू या. मी म्हटलं, दूधगाडी चारला येते, तोवर हातातलं दार पुरं करतो. शेजारच्या गावातून बैलगाडी आणता आली असती. कुणाची तरी मोटार मागता आली असती. मी दार पुरं केलं. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, तास-दोन तास आधी आला असतात तर."

सर्वेवालीने हातातलं पान खाली केलं.

"मेलेलं जन्मलं असेल, तर त्या चार तासांचं काही नाही," तो म्हणाला. "जिवंत असेल, तर आहे. कळतंय का बाई तुम्हाला? तुमची खोली व्हावी, सगळ्या गावांचं भलं व्हावं. पण ते पान वाचून दाखवता ना तुम्ही शेवटी, सही घेताना? ती आत बसलीय. तिच्यासमोर ते वाचू नका."

नियम होता खरा. भरलेलं पान घरच्यांसमोर मोठ्याने वाचायचं, मगच सही.

सर्वेवालीने कागदाकडे पाहिलं. सात गावांतल्या पोटुशा बाया तिला ठाऊक होत्या, बारा होत्या. त्यांची यादीही तिनेच केली होती. आठवा महिना लागलेल्या दोघी होत्या. तिने पेनाला टोपण लावलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आहे तसंच राहू दे."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की मशीन बंद आहे. कधी बंद झाली, ते सांगता आलं नसतं.

सुताराची बायको दारात उभी होती. गळ्यात मापाची पट्टी, बोटांवर दोऱ्याचा तुकडा गुंडाळलेला. तिने सर्वेवालीसाठी पाण्याचा पेला आणला होता. तो तिने चौकटीच्या कडेला ठेवला.

"त्या दिवशी तुम्ही मला विचारलंच नाही," ती म्हणाली. रागाने नाही. दुकानात सुटे पैसे परत घ्यायचे राहिले, असं म्हणावं तसं.

"चुकलं माझं, ताई."

"मग आता विचारा."

सर्वेवालीने सुताराकडे पाहिलं. तो कामाच्या लाकडाकडे पाहत होता.

"विचारा ना. वाचून विचारा, जसं लिहिलंय तसं."

तिने टोपण काढलं. पानावरचा प्रश्न शंभर घरांत वाचून तोंडपाठ झाला होता, तरी तिने बोट ठेवून वाचला. "जन्मानंतर बाळ रडलं होतं का, किंवा त्यानं श्वास घेतला होता का?"

"रडलं होतं."

फाटकाशी सिस्टरांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"तुला..." सुतार म्हणाला. "तू शुद्धीवर नव्हतीस."

"डोळे मिटले होते. शुद्ध होती." तिने बोटावरचा दोरा सोडवला, पुन्हा गुंडाळला. "कॅनला कान लागला होता माझा. सगळं ऐकू येत होतं."

"मग वर्षभर बोलली नाहीस?"

"तुम्ही इतकं जपून सांगितलंत. दवाखान्याच्या बाकावर बसून, माझा हात धरून. मला वाटलं, तुम्हालाच ते तसं हवंय. म्हटलं, असू दे."

"दुपारी तू म्हणाली होतीस, निघू या..."

"दुपारचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तिथेच होते की."

एवढं बोलून ती पडवीच्या पायरीवर बसली. त्याच्यापासून हातभर अंतरावर. सर्वेवालीने 'मृत जन्म'वरची खूण खोडली, शेजारी आपली छोटी सही केली आणि वरच्या रकान्यात नवी खूण केली. पाचवी. ज्या खुणेसाठी ती धावत आली होती, ती करताना तिने पेन जोरात दाबलं. खुणेचं शेपूट रकान्याबाहेर गेलं.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी," दोघंही म्हणाले.

त्याच्या पुढे अजून एक ओळ होती. ती टाळता आली असती, तर तिने टाळली असती.

"किती वेळ जिवंत होती?"

बायको विचार करू लागली. डोळे बारीक करून, जसं काही शिवणीचं माप आठवतेय. "वीटभट्टीपासून पुलापर्यंत," ती म्हणाली. "पुलावर आवाज थांबला. काय असेल, वीस मिनिटं? वीसच लिहा."

सर्वेवालीने कागदावर दोनचा आकडा काढला.

"पुलापर्यंत नाही," सुतार म्हणाला.

तो अजूनही खालीच पाहत होता. अंगठ्याने लाकडाची कड चाचपत होता, कुठे कुसळ राहिलंय का ते पाहावं तसं.

"पुलावर रडायची थांबली. गेली नव्हती." अंगठा कडेवर थांबला. "मी शर्टाच्या आत घेतली होती. गार लागू नये म्हणून. डोळे उघडे होते तिचे. पूल गेला, मग तो चढ आला, चढाला गाडी हळू झाली. तेव्हाही होती. मग पेट्रोलपंप. पंपाचे दिवे लागले होते. दिव्याकडे बघितलं तिनं."

बायको त्याच्याकडे वळली होती. सावकाश, कुणी झोपलेलं जागं होईल अशा बेताने.

"पंपापर्यंत?"

"पंपाच्याही पुढे. शाळेची भिंत लागते ना लांबच लांब? ती सगळी भिंत. दवाखान्याचं वळण येईतो होती. वळणावर... वळणापर्यंत होती."

सर्वेवालीने पेन कागदावरून उचललं. तिला मिनिटं हवी होती. पुलापासून वळणापर्यंत किती मिनिटं, ते ड्रायव्हरदादांना विचारता आलं असतं. तिने विचारलं नाही. दोनचा आकडा एकटाच राहिला.

"मला वाटत होतं, पुलापर्यंतच," बायको म्हणाली. "मग काय करत होती ती? एवढा सगळा वेळ?"

सुताराने पहिल्यांदा मान वर केली.

"काही नाही. श्वास घेत होती. माझ्या शर्टाचं बटण धरलं होतं तिनं. सोडेचना."

"कुठलं?"

त्याने भुशाने माखलेला हात उचलला, आणि छातीवर, आज घातलेल्या दुसऱ्याच शर्टावर, वरून दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं.